टीप क्रमांक एकेचाळीस

कॅप्सूलच्या आकाराचा पेनड्राइव्ह — अर्धा लाल, अर्धा पांढरा, औषध कंपनीच्या कुणा माणसाने दुकानात फुकट वाटलेला — सिर्पाने मुठीत इतका आवळून धरला होता की हातमोज्यातूनही त्याची कड तळव्याला टोचत होती, आणि टोचतंय हे तिला बरंच वाटत होतं. बस पुलावरून चालली होती. खाली तळ्यावरचा बर्फ राखाडी पडलेला, कडेकडेने पाणी सुटलेलं, आणि तरीही मध्यावर तीन-चार खुळे स्टुलं टाकून बसलेले, बर्फाला भोक पाडून त्यात गळ सोडून... त्यातलाच एक तापियो. तिचा नवरा. एप्रिल संपत आला, पायाखालचा बर्फ कुरकुरायला लागला, तरी हा बसणार. एक दिवस जाईल आत, आणि लोक मलाच विचारतील, तुम्ही त्यांना अडवलं कसं नाही.

“पण तुला आठवतंय ना सगळं?” असं म्हणाला होता तो सोमवारी, ती संगणकासमोर पांढरीफटक होऊन बसली असताना. “मग बिघडलं काय? परत लिही.” दोनशे बारा टिपणं. परत लिही! जणू बाजाराची यादी हरवली होती, दूध, बटाटे, पाव. आणि वर बूट काढता काढता — “मुळात वहीत लिहायला काय झालं होतं?” जखमेवर मीठ चोळायचं तर माणसाने निदान पटकन चोळून मोकळं व्हावं, तापियोचं तेही सावकाश. ती त्याच्याशी सोमवारपासून बोलली नव्हती, आणि आज शनिवार होता, आणि ते त्याच्या लक्षात आलं होतं की नाही याची तिला खात्री नव्हती.

तसं पाहिलं तर कादंबरी जागच्या जागी होती. कादंबरी लिहायच्या त्या सॉफ्टवेअरात डावीकडे प्रकरणांची रांग, मधे मजकूर आणि उजवीकडे एक अरुंद पिवळी पट्टी, टिपणांसाठी. सव्वीसच्या सव्वीस प्रकरणं होती, स्वल्पविराम न् स्वल्पविराम. फक्त ती पिवळी पट्टी कोरी होती. क्रमांक तेवढे उरलेले — एक, दोन, तीन... दोनशे बारापर्यंत — आणि प्रत्येकापुढे काही नाही. शाळेच्या वर्गात हजेरी घ्यावी आणि एकही पोर ओ म्हणू नये, तसं. आणि सव्विसाव्या प्रकरणाच्या तळाशी, शेवटच्या पानावर, तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं होतं: इथे टीप ४१, शब्दशः.

शब्दशः! केवढी ती ऐट.

झालं होतं ते असं. ईस्टरला ते दोघं जंगलातल्या झोपडीवर गेले होते, जिथे फोनला रेंज हवी तर संडासाच्या मागच्या टेकाडावर चढावं लागतं. चार दिवस ती तिथे लॅपटॉपवर लिहीत बसली, आणि परत आल्या आल्या, अंगातला कोटही न काढता, घरच्या मोठ्या संगणकावर तीच फाइल उघडली. थोडं थांबायचं होतं. इतकंच. बाहेरून ती एक फाइल दिसते, पण आत शेकडो चिल्लीपिल्ली असतात, आणि इंटरनेटवरून ती एकामागून एक उतरत असतात. प्रकरणं उतरली होती, टिपणं अजून वाटेतच होती. सॉफ्टवेअरने पाहिलं, टिपणं नाहीत. त्याला वाटलं, बाईंनी काढून टाकली असतील. त्याने आज्ञाधारकपणे तसंच जतन केलं. लॅपटॉप शेजारी पडलेला होता, त्यानेही मुकाट्याने आपली टिपणं पुसली. इंटरनेटवरचं खातं फुकटातलं, ते जुन्या प्रती ठेवत नाही. पण त्यावरसुद्धा उपाय होता! त्या सॉफ्टवेअरची एक चांगली सवय अशी, की दर वेळी बंद करताना ते आपणहून एक प्रत बाजूला काढून ठेवतं. शेवटच्या पाच प्रती ठेवतं. सहावी आली की सर्वांत जुनी टाकून देतं. म्हणजे त्या सोमवारी दुपारी सव्वातीन वाजता, टिपणं गेली त्या क्षणी, पाच धडधाकट प्रती तिच्या संगणकात झोपलेल्या होत्या.

आणि तिने काय केलं? तिने ते बंद केलं आणि उघडलं. आली असतील म्हणून. नव्हती. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. संगणक बंद करून चालू केला, उघडलं, बंद केलं. कॉफी करून घेतली, उघडलं, बंद केलं... आठ वेळा. दर वेळी एक कोरी प्रत आत गेली आणि एक भरलेली बाहेर फेकली गेली. मी फेकली. तापियोने नाही, त्या यंत्राने नाही. मी, माझ्या ह्या बोटाने, बुडणाऱ्याला वर काढायच्या नादात त्याच्या डोक्यावर आठ वेळा पाय दिला.

हे तिला त्या दिवशी कळलंही नाही. मंगळवारी ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लोकांच्या चर्चेच्या पानावर तिने आपली कहाणी लिहिली, तेव्हा ‘अस्वल बासष्ट’ नावाच्या कुणा परक्या माणसाचं उत्तर आलं. पहिलंच वाक्य: सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रोग्राम बंद करू नका, आणि बंद केला असेल तर पुन्हा उघडू नका. ते वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरातीमागून घोडं! हे असलं वाक्य लोकांनी पेटीच्या झाकणावर लिहावं, तांबड्या अक्षरात, जसं आम्ही लिहितो... तीस वर्षं ती औषधाच्या दुकानात होती. तीस वर्षांत एका चिठ्ठीवरचा एक आकडा तिच्या हातून इकडचा तिकडे झाला नव्हता. दिवसाला दोन म्हणजे दोन. तिथे कुणी तिला म्हणालं असतं की बाई, थोडं अंदाजाने द्या, तर तिने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता. आणि स्वतःच्या घरी, स्वतःच्या आईच्या शब्दांपाशी...

आई.

बस थांबली, कुणी उतरलं, थंड हवेचा एक झोत आत आला. रस्त्याच्या कडेला हिवाळाभर टाकलेली वाळू आता उघडी पडली होती आणि मोटारींमागे तिची धूळ उठत होती. सिर्पाला आईच्या नावाने राग आला की आधी स्वतःची लाज वाटायची आणि मग त्या लाजेचाच आणखी राग यायचा. शहाऐंशी वर्षांची बाई. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मेंदूत रक्त साकळलं, उजवा हात गेला आणि भाषा गेली. उरला एक शब्द. हो ना. जेवलीस का? हो ना. पाय दुखतोय? हो ना. मी कोण आहे, ओळखलंस? हो ना. त्या वृद्धाश्रमातल्या पोरी म्हणतात, किती गोड आहेत तुमच्या आई, सगळ्याला हो म्हणतात. एल्मा आणि गोड! त्यांना काय माहीत.

एल्मा बोललीच कधी नाही. चौऱ्याऐंशी वर्षं बोलली नाही आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या शरदात, पाच बुधवार, आपल्या स्वैपाकघराच्या टेबलाशी बसून एकदम सगळं ओतलं, जणू जाण्याआधी कपाटं रिकामी करून द्यायची होती. सिर्पा लॅपटॉप मांडीवर घेऊन समोर. “तू ऐकतेस का टाइप करतेस?” आईने विचारलं होतं. “दोन्ही,” ती म्हणाली होती. “दोन्ही एकदम होत नाही,” आई म्हणाली, आणि तरी बोलत राहिली.

१९७१. सिर्पा तीन वर्षांची होती, थोरली रित्वा सात. आई अकरा महिने घरात नव्हती. छातीचा रोग, आरोग्यधामात आहे, असं वडिलांनी सांगितलं, असंच सगळ्या गावाला सांगितलं, आणि पुढे पन्नास वर्षं घरात तेच सत्य होतं. पण रित्वाने एकदा टेबलावर पडलेलं पाकीट पाहिलं होतं आणि त्यावरच्या तिकिटावर परक्या राजाचं डोकं होतं. आपल्याकडे कुठे राजा आहे, तिने विचारलं. वडिलांनी तिच्या थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच. तेव्हापासून रित्वाने आईला माफ केलं नाही — वडिलांना केलं, आईला नाही. जगाचा न्यायच असा. आई स्वीडनला गेली होती. कापडगिरणीत. नवरा, दोन मुली, तळ्याकाठचं घर, सगळं टाकून, एका पिशवीनिशी बोटीत बसली होती आणि परत यायचं तिच्या मनात नव्हतं. हे सगळं तिने सांगितलं, निळा एप्रन, घरमालकीणबाईचा आंधळा कुत्रा, यंत्रांच्या आवाजात बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं कसं ओळखायच्या, आणि रविवारी, गिरणी बंद असताना, कान कसे दुखायचे. दोनशे बारा टिपणं. आणि शेवटच्या बुधवारी सिर्पाने विचारलं, मग परत का आलीस?

ते उत्तर म्हणजे टीप एकेचाळीस. क्रमांक कसेही पडले होते, ती एकेचाळीस. आईने कप उलटा करून बशीवर ठेवला होता, हे तिला लख्ख दिसत होतं. आणि म्हणाली होती: तुमच्यासाठी परत आले.

मग शोधतेस काय, असं तापियो म्हणाला असता. पाठ आहे तर! पण पाठ असणं आणि लिहिलेलं असणं यात फरक आहे, औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला तो कुणी शिकवू नये. शिवाय आठवताना ते वाक्य तिला नेहमी जरा... मोकळं वाटे. चित्राच्या चौकटीपेक्षा चित्र लहान असावं तसं. आई इतकं थोडकं बोलली, आणि मग कपाला हात का लावला? आधी की नंतर? आणखी एखादा शब्द होता. असणार. तो त्या पट्टीत होता.

“उतरायचं नाही का?” ड्रायव्हरने आरशातून विचारलं. शेवटचा थांबा होता.

रित्वाने दार उघडलं ते कोपराने. दोन्ही हात पिठात बरबटलेले. घरभर वेलचीचा वास सुटला होता. उद्या रविवार, आणि दर रविवारी रित्वा वेलची घातलेला गोड पाव, तीनपेडी वेणी घालून, भाजून आईकडे नेत असे, आणि तुकडे कॉफीत बुडवून भरवत असे. गेल्या जूनपासून. उन्हाळ्याच्या सणाला, होळी पेटवलेली असताना, तळ्याच्या काठावर सिर्पाने तिला सांगितलं होतं: रित्वा, ती आपल्यासाठी परत आली. तिने मला सांगितलंय. तिच्या तोंडचे शब्द आहेत, माझ्याकडे लिहिलेले आहेत. साठ वर्षांची रित्वा, जिने आईच्या दुखण्यातही तिच्याकडे पाय ठेवला नव्हता, ती खडकावर बसून नाक पुसत राहिली; आणि पुढच्या रविवारी पाव घेऊन उभी.

“आलीस? तोंड बघ. तापियोला खाऊन आलीस वाटतं,” रित्वा म्हणाली.

“अजून नाही. बर्फावर बसलाय.”

“म्हणजे थंडगार मिळेल. बूट काढ, वाळू आणू नकोस आत. आणि आवर पटकन, चारला इमारतीतल्या सौनात वाफ घ्यायची आपली पाळी आहे. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचा आमच्या वेळेत वीस मिनिटं जास्त बसला होता, मी दारावर थापा मारल्या.”

“लॅपटॉप कुठे आहे?”

“टेबलावर. माझा पत्त्यांचा डाव मोडू नकोस.”

हा जुना लॅपटॉप. अस्वल बासष्टाच्या दुसऱ्या पत्रातला प्रश्न होता, जुनं यंत्र कुणाला दिलंय का? आणि सिर्पाला आठवलं होतं, गेल्या वर्षी मार्चमध्ये, आईच्या आजारानंतर, नवा घेतला तेव्हा जुना रित्वाला दिला होता. देताना आपलं खातं त्यावरून काढलं होतं, म्हणजे ही साथ तिथपर्यंत पोचलेली नसणार. आणि रित्वा त्यावर पत्ते खेळण्यापलीकडे काही करत नाही. रित्वाचा आळस, देवा, एवढा एकदाच उपयोगी पडू दे. तरी तिने आधी इंटरनेट तोडलं. दुधाने तोंड पोळलेलं, ताक फुंकून.

“नेट कशाला बंद केलंस?” ओट्याकडून आवाज.

“असू दे.”

“असू दे काय? माझी जाहिरात बघून झाली की मला दोन हुकूम फुकट मिळतात.”

“रित्वा, गप्प बस ना गं जरा!”

पिठाचा गोळा ओट्यावर आपटल्याचा आवाज आला, लागेल इतका.

कागदपत्रांच्या फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी एक. पत्त्यांच्या डावाखाली, भाच्याच्या लग्नाच्या फोटोंखाली... पाच प्रती होत्या. पाचही होत्या. शेवटच्या प्रतीवर तारीख ५ मार्च. आता घाई नाही, आता काही उघडायचं नाही. आधी प्रत, मग त्या प्रतीची प्रत, मग ती उघडायची, हे आता तिच्या हाडात उतरलं होतं. लाल-पांढरी कॅप्सूल उघडून तिने ती खोबणीत घातली. हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे सरकली. मग प्रतीची प्रत. मग उघडली. आणि उजवीकडच्या पिवळ्या पट्टीत, एकदम, खालपर्यंत, अक्षरं.

“रित्वा...” ती म्हणाली, पण ओट्यावर पीठ आपटत होतं.

निळा एप्रन होता. आंधळा कुत्रा होता. ओठांवरून बोलणाऱ्या बायका होत्या. आठवडाभर छातीत अडकलेला राग सैल होऊन डोळ्यांत आला आणि तिने तो बाहीने पुसला. शंभर ठिकाणी ठेवीन आता मी ही, तिला वाटलं. तीन प्रती, दोन प्रकारच्या जागी, आणि एक दुसऱ्याच्या घरी, अस्वल म्हणतो तसं. आग लागली, पूर आला, तापियो आला तरी हरकत नाही. ती खाली सरकत गेली. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

एकेचाळीस.

बुधवार, ८ नोव्हेंबर. विचारलं, परत का आलीस. कप उलटा करून बशीवर ठेवला. म्हणाली: तुमच्यासाठी परत आले असं लिही, हवं तर. आले ती गिरणीने माणसं कमी केली म्हणून. परकी आधी काढली. राहू दिलं असतं तर राहिले असते.

तिने पुन्हा वाचलं. पहिल्यांदा मनात आलं ते असं की ही टीप चुकीची आहे. फाइल बिघडली आहे, कुठलं तरी दुसरं टिपण यात मिसळलं... दोन्ही एकदम होत नाही. पण अक्षरं शांतपणे उभी होती, तिच्याच तुटक वाक्यांत, तिच्याच हातची. आणि मग मे महिना आठवला. आठवला म्हणजे काय, तो कधी गेलाच नव्हता. दार लोटलेलं होतं इतकंच. गेल्या वर्षीचा मे, नवा लॅपटॉप, बाल्कनी, आईचं बोलणं गेल्याला तीन महिने झालेले. टिपणं आवरत होते मी. जास्तीचं काढत होते. लेखक करतातच तसं. एकेचाळीसशी आले आणि म्हटलं, हे लांबलंय. ‘असं लिही, हवं तर’ काढलं. मग उरलेली तीन वाक्यं एकट्याने उभी राहीनात, म्हणून तीही. एक कळ दाबून धरली, अक्षरं उजवीकडून डावीकडे खाल्ली गेली, आणि उरलं ते किती सुंदर दिसलं! आणि जूनमध्ये होळीपाशी मी खोटं बोलले नाही. मला जे पाठ होतं ते सांगितलं.

आठवडाभर ती कुणाकुणावर चिडली होती. तापियोवर, यंत्रावर, फुकटच्या खात्यावर, झोपडीमागच्या टेकाडावर. चोराच्या उलट्या बोंबा. सोमवारी जे गेलं ते आधीच खोटं होतं. खरं गेलं होतं वर्षापूर्वी, ते कुणी घालवलं, हे सांगायला अस्वल बासष्टाची गरज नव्हती.

पण राग गेला नाही. तो फक्त वळला आणि घरी गेला, एल्माकडे. राहू दिलं असतं तर राहिले असते — हे कुणी आपल्या मुलीला सांगतं का? कॉफी पिता पिता? दुसरी कुठलीही आई खोटं बोलली असती, पटकन, सहज, मायेने. हिने तेवढंही केलं नाही. हिने खोटं इस्त्री करून, घडी घालून माझ्या हातात दिलं, आणि म्हणाली, हवं तर घाल. तिला माहीत होतं मी घालीन. चौऱ्याऐंशी वर्षं न बोलता तिने मला पुरतं ओळखलं होतं, आणि ते सांगायलाही तिने एकच वाक्य खर्च केलं. आणि मग निघून गेली, पुन्हा एकदा, ह्या खेपेला जागच्या जागी बसून. आता तिला विचारायचं कुणी, आई, तू खरंच म्हणालीस का हे? आणि ती काय सांगणार?

“सापडलं का?” रित्वाने मागे न वळता विचारलं. तिने पिठाच्या तीन लांब वळ्या केल्या होत्या आणि आता ती त्यांची वेणी घालत होती.

“सापडलं.”

“सगळं?”

“सगळं.”

“बघ! आणि म्हणे गेलं. तुझं नेहमीचंच, आधी बोंब मारायची, मग डोळे उघडायचे.” रित्वाचा आवाज मऊ झाला होता. “आईचं ते आहे का बघ त्यात. ते वाक्य.”

सिर्पाने पडदा जरा स्वतःकडे वळवला.

“वाच ना. मोठ्याने वाच. माझ्या चष्म्यावर पीठ उडालंय, मला तिथून काही दिसायचं नाही.”

पडद्याच्या कोपऱ्यात ती मूळची प्रत होती, एवढीशी, पाचांतली शेवटची. एकदा निवडायची, एकदा दाबायचं. रित्वाला कळलंही नसतं. दाबायची सवय आहेच बोटाला, आठ वेळांची, नव्हे, नऊ. तेरा महिने हे वाक्य या घरात होतं. रित्वाने त्याच्यावर पत्ते मांडले होते. राणीवर राजा, राजावर एक्का. पाव भाजला होता, दर रविवारी बस धरली होती, ज्या बाईला ती तिन्ही वाक्यं म्हणायची ताकद उरली नव्हती तिच्या तोंडात कॉफीत भिजलेले तुकडे घातले होते, आणि खाली, दोन फोल्डर खाली, ते तसंच बसून होतं. दुसऱ्याच्या घरी ठेवलेली प्रत. सर्वांत सुरक्षित.

“आणि एक सांगते,” रित्वा म्हणाली, “ते इथूनही काढू नकोस. राहू दे माझ्याकडे. तुझा काय भरवसा? उद्या पुन्हा कुठलं तरी बटण दाबशील.”

सिर्पाला हसू आलं, आणि ते इतकं कडू होतं की तिने ओठ मिटून घेतले. सांगावं. आत्ता, ह्या पिठाच्या हातांना. आणि उद्याचा पाव? आणि ती गोड म्हातारी, जी खिडकीशी बसून दारातून कोण येतंय ते बघते, आणि रित्वा आली की... काय करते ती रित्वा आली की? हो ना म्हणते. किंवा सांगू नये. आणि मग सव्विसाव्या प्रकरणाच्या तळाशी काय घालायचं? शब्दशः काय घालायचं? ‘हवं तर’ वगैरे काढून? की हेच, अख्खं, छापून, म्हणजे रित्वा ते दुकानात पैसे देऊन विकत घेऊन वाचेल?

रित्वा हात धुऊन आली होती. तिच्या मागे उभी राहिली, ओल्या हातांचा आणि वेलचीचा वास घेऊन, चष्मा एप्रनच्या टोकाने पुसत. पुसून झाला की तो डोळ्यांवर चढणार होता. सिर्पाचं बोट कळीवर होतं आणि ते हललं नाही, ना इकडे ना तिकडे.

“तेच आहे ना गं?” रित्वाने विचारलं. “तू सांगितलं होतंस, तेच?”

“हो ना,” सिर्पा म्हणाली.

तोंडातून गेल्यावर तो शब्द तिला ऐकू आला. सूरसुद्धा आईचाच, शेवटाला किंचित खाली उतरलेला, दार हळूच लावून घ्यावं तसा. वर्षभर त्या खिडकीपाशी बसून त्यांनी दोघींनी तो ऐकला होता आणि दर वेळी हवा तो अर्थ लावून घरी आल्या होत्या. त्यात एवढा राग मावतो हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.